बंद कंपाउंडला मॅपवर नाव द्यायचं की नुसती भिंत दाखवायची?

देवगड ते राजापूर पट्ट्यातले सड्यावरचे रस्ते, पाणंदी, विहिरी ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणीही भर घालू शकतो असा खुला नकाशा) भरायला घेतल्या की हा प्रश्न कधीतरी येतोच. बंद कंपाउंड, गेटला कुलूप, पाटी नाही, पण आत काय आहे ते गावात सगळ्यांना 'माहीत'. मग एकतर ऐकलेलं नाव टाका, नाहीतर रस्त्यावरून दिसतं तेवढंच, भिंत, गेट, अ‍ॅक्सेस प्रायव्हेट (म्हणजे आत जायला खुलं नाही). मी दोन्ही करून बघितलंय.

नाव टाकण्याचा फायदा आहे, नाही म्हणत नाही. गावात पत्ता त्याच नावाने सांगतात, आणि नुसता रिकामा चौकोन बघून कोणाला काय कळणार. म्हणून एका कंपाउंडला मी टपरीवर ऐकलेलं नाव दिलं. पुढच्या फेरीला रिक्षावाल्याने दुसरंच सांगितलं, कलमांच्या बागेतल्या राखणदाराने तिसरं. काढून टाकलं, पण एडिट हिस्टरीत ते राहतंच, आणि ज्यांनी आधी ऑफलाइन मॅप उतरवून ठेवलाय त्यांच्या फोनमध्येही. महिन्याभराने कोणीतरी तेच नाव परत टाकलं, का तर त्याच्या फोनमधल्या मॅपवर ते 'आधीपासून होतं'. माझीच ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून माझ्यासमोर आली, तिथेच माझं ठरलं, दिसतं तेच टाकायचं.

शिवाय केंद्र सरकारच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या जिओस्पेशियल गाइडलाइन्स, म्हणजे नकाशांबद्दलचे नियम, बघा. त्यात अख्खे भाग वगळायची यादी नाही, मनाई आहे ती संवेदनशील अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे तिथे काय आहे ते सांगणारी माहिती, एखाद्या जागेला जोडायला. मी काही कायद्यातला माणूस नाही, पण भिंत काढणं वेगळं आणि तिला आतल्या गोष्टीचं नाव चिकटवणं वेगळं, एवढं त्यातून मला तरी कळतं.

पण 'दिसतं तेच' म्हणजे लांबून दिसतं ते नव्हे हं. झाडाचं सोंग घेतलेले मोबाइल टॉवर अमेरिकेत 1992 पासून आहेत, आपल्याकडे माडासारखे. किनाऱ्यावर असा एक आहे, सॅटेलाइट फोटोत सरळसरळ माड. बुंध्याशी गेलो तर पत्र्याचे जोड, नटबोल्ट, केबलचा जाड जुडगा जमिनीत गेलेला, बाजूला घरघरणारी पेटी. वारा सुटलेला तरी झावळ्या ताठ, वर ना पोय ना नारळ. शेजारच्या दुकानातल्या मावशी म्हणाल्या, "तो माड न्हय रे झिला, टावर आसा." टॉवर, कन्स्ट्रक्शन 'कन्सील्ड' (सोंगाखाली लपवलेला) असं बिनधास्त टाकलं, कारण उद्या कोणीही तिथे उभं राहून हेच बघू शकतो. कंपाउंडच्या आतलं तसं कोणाला बघता येतं?

तुमच्याकडे गेटवर पाटी असेल तर नाव जरूर लिहा, तुमचा अनुभव वेगळाही असेल. माझ्या कंपाउंडला आता भिंत, गेट, प्रायव्हेट, आणि 'नोट'मध्ये इतर मॅपर लोकांसाठी एक ओळ: पाटी नाही, नावं ऐकीव, कृपया टाकू नये, पुढे तारीख. पाऊस सरला की परत चक्कर मारणार आहे, पाटी लागलेली दिसली तर त्याच दिवशी बदलेन.