लेबल नसलेल्या बाटलीचे १६,६९० पाउंड

शातो मुताँ रोथशिल्ड ही फ्रेंच वाइन, साल २०००, बारा बाटल्या. यासाठी मी तीन हप्त्यांत १६,६९० पाउंड भरले. त्या त्या वेळच्या दराने सतरा लाख रुपयांच्या आसपास. माझ्या नावाची एकही बाटली कुठल्याही गोदामात कधी नव्हती.

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. लंडनमध्ये तेवीस वर्षं राहतोय, नोकरीही हिशेबाचीच, त्यामुळे "तुला कळलं कसं नाही?" हे ऐकून घ्यायची तयारी होत नव्हती. पण दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्यातल्याच दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, गुंतवणूक म्हणून महागडी वाइन घ्या असे फोन त्यांनाही येतायत. एकाने पैसे भरलेत. तेव्हा लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

फोन कसा आला, माणूस किती अदबीने बोलला, हे सांगत बसत नाही, तुम्हाला तो प्रकार माहीत आहे. एवढंच सांगतो की तो जे बोलला त्यातलं बहुतेक खरं होतं. मुताँ हा बोर्दोजवळ पोयाकचा द्राक्षमळा, हे खरं. बोर्दोच्या मळ्यांच्या १८५५ च्या प्रतवारीत त्याला दुसरी श्रेणी मिळाली आणि १९७३ साली तो पहिल्या श्रेणीत गेला, हेही खरं. इथे वाइनवरच्या नफ्याला अनेकदा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, तेही खरं. आणि अशी महागडी वाइन जकात व व्हॅट न भरता बॉन्डेड गोदामात वर्षानुवर्षं पडून असते, घरी आणायची नसते, हे तर या धंद्यातला कोणीही सांगेल. बाटली गोदामातून हलली की ती नीट सांभाळली गेली याची खात्री संपते आणि भाव उतरतो.

नेमकं हेच फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतं. विकत घेणाऱ्याने वस्तू पाहायचीच नाही, असा या व्यवहाराचा रिवाज आहे. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, बाटली एकदा तरी डोळ्यांनी बघितलीत का?" मी तिला बॉन्डेड गोदाम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अगदी बरोबर समजावलं. तिचा प्रश्न तेवढा तसाच राहिला.

१२ ऑक्टोबर २०२१ ला सहा बाटल्यांच्या एका लाकडी पेटीचे ७,६५० पाउंड भरले. मुलगी दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत जाणार होती, बँकेत व्याज काही मिळत नव्हतं. कंपनी मी सरकारी नोंदणीत तपासली होती. नोंद होती, पत्ता होता, दोन संचालकांची नावं होती. (नोंदणी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. थोड्याशा फीमध्ये इथे कोणीही कंपनी काढतो.) भाव बाजारभावापेक्षा थोडासाच कमी होता. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी फोन आपटला असता. एवढी अक्कल मलाही आहे आणि त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त आहे.

आठवड्याने जाड कागदावर छापलेलं प्रमाणपत्र आलं. वर सोनेरी पट्टी, गोदामाचं नाव, आठ आकडी क्रमांक, खाली सही. आणि मधे बाटल्यांच्या स्थितीचा तक्ता: वाइनची पातळी गळ्यापर्यंत, वरचं वेष्टन शाबूत, लेबलं निर्दोष.

लेबलं निर्दोष.

मुताँ २००० च्या बाटलीवर पुढे कागदी लेबल नसतंच. १९४५ पासून हा मळा जवळजवळ दरवर्षी एका नव्या चित्रकाराचं चित्र लेबलवर छापतो. १९४५ च्या लेबलवर महायुद्धातल्या विजयाचा 'व्ही' आहे, १९७३ च्या लेबलवर पिकासो आहे. पण २००० साली त्यांनी ती प्रथा मोडली. त्या वर्षीच्या काळपट काचेवर सोनेरी मेंढा उठावात काढलेला आहे. मुताँ म्हणजे फ्रेंचमध्ये मेंढाच, आणि हा मेंढा त्यांच्याच संग्रहालयातल्या एका जुन्या जर्मन पेयपात्रावरून घेतलेला. म्हणून तर ही बाटली लोक न उघडता जपून ठेवतात.

आणि हे मला माहीत होतं. पैसे भरल्यावर मी महिनाभर मुताँबद्दल मिळेल ते वाचत होतो. त्याच नोव्हेंबरात घरी दहा-बारा माणसं फराळाला आली होती, तेव्हा फोनवर त्या मेंढ्याचा फोटो दाखवून मी सगळ्यांना सांगितलं होतं की याला लेबलच नाही, काचेवरच काम आहे. प्रमाणपत्र तेव्हा माझ्या पाठीमागच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होतं. चार पावलांवर. ते काढून पुन्हा एकदा वाचलं असतं तर पुढचे ९,०४० पाउंड वाचले असते. पहिल्या पैशांचीही तक्रार महिन्याभरात झाली असती, दोन वर्षांनी नव्हे. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो फोनमधला मेंढा दिसतो.

वाइनमध्ये मुरलेली माणसंही अशीच फसली आहेत. रूडी कुर्नियावान नावाच्या ठगाने कॅलिफोर्नियातल्या घरी बसून बरगंडी या फ्रेंच प्रदेशातल्या वाइनच्या बनावट बाटल्या भरल्या आणि अमेरिकेतल्या अब्जाधीशांना विकल्या. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडून बरगंडीतल्या पोन्सो घराण्याच्या क्लो सां-दनी या वाइनच्या १९४५ च्या वगैरे बाटल्या आल्या होत्या, आणि त्या घराण्याने ती वाइन १९८० च्या दशकापर्यंत बनवलीच नव्हती. मालक लोराँ पोन्सो २००८ मध्ये स्वतः तिथे गेला, तेव्हा त्या मागे घेतल्या गेल्या. तिथेही चूक छापील यादीतच होती, कोणालाही वाचता येण्याजोगी. तरी ती थांबवायला घरचा माणूस यावा लागला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मला वाइन विकणाऱ्या कंपनीचा फोन आला: हाँगकाँगचा गिऱ्हाईक मिळालाय, पण त्याला बाराच्या बारा हव्यात. अजून सहा घेतल्या की पूर्ण पेटी लगेच विकली जाईल. ७,८०० पाउंड. "अजून थोडे घाला म्हणजे आधीचे सुटतील" हे वाक्य कोणाच्याही तोंडून, कुठल्याही वस्तूबद्दल आलं की तिथेच थांबा. मी थांबलो नाही. मुलीच्या पहिल्या वर्षाची फी सहा महिन्यांवर आली होती आणि मला ते पैसे मोकळे करायचे होते. मे महिन्यात निर्यातीचा विमा आणि गोदामातून सोडवणूक म्हणून १,२४० मागितले. तेही दिले. विकणाऱ्याने माल विकताना स्वतःच्या खिशातून आगाऊ पैसे भरायचे, हा उलटा प्रकार हिशेबाची नोकरी करणाऱ्या माणसाला दिसायला हवा होता. जूनमध्ये त्यांचा फोन बंद झाला.

तेव्हा मी पहिल्यांदा गोदामाला ईमेल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: तुमच्या नावाने आमच्याकडे खातं नाही, आणि दिलेला क्रमांक आमच्या पद्धतीचाच नाही. दोन ओळी. बॉन्डमधल्या मालाला गोदामाचा स्वतःचा क्रमांक असतो आणि तो गोदामालाच विचारायचा असतो. विकणाऱ्याच्या कागदावर विसंबायचं नाही, विकणाऱ्याने दिलेल्या फोन नंबरवर विचारायचा नाही. खातं स्वतःच्या नावाचं मागा, कंपनीच्या खात्यात 'तुमच्या वतीने' ठेवलेलं नको. अनेक गोदामं थोडी फी घेऊन पेटीचे फोटोसुद्धा काढून देतात. हे मला २०२१ मध्ये फुकटात कळलं असतं.

आता दाद मागण्याबद्दल. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, फसवणूक इथे नोंदवत नाहीत, अमुक नंबरला फोन करा. त्या नंबरवर पन्नास मिनिटं संगीत ऐकलं. एका मुलीने तक्रार लिहून घेतली, मुताँचं स्पेलिंग तिला मी तीनदा सांगितलं, आणि एक संदर्भ क्रमांक मिळाला. चार महिन्यांनी पत्र आलं की तपासासाठी पुरेसे धागेदोरे नाहीत. माझ्याकडे दोन संचालकांची नावं होती! ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक होता, सदतीस ईमेल होती, प्रमाणपत्र होतं. अजून कोणता धागा हवा होता? आर्थिक नियामकाला लिहिलं तर उत्तर आलं की वाइन हा नियमनाखालचा गुंतवणूक प्रकार नाही, म्हणून तक्रारही चालणार नाही आणि भरपाई योजनाही लागू नाही. मी दुकानातून बाटली घेतली असती आणि ती फुटकी निघाली असती तर ग्राहक म्हणून मला हक्क होते. सतरा लाखांची फसवणूक झाली तर मी कोणाच्याच वहीत बसत नाही.

बँकेचं तर विचारूच नका. तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर: हा तुमच्यातला आणि विक्रेत्यातला दिवाणी वाद आहे. वस्तूच नव्हती तर वाद कशाचा? दुसऱ्या हप्त्याच्या वेळी याच बँकेने मला फोन करून "आपणच पैसे पाठवताय ना?" असं विचारलं होतं, मी हो म्हटलं. तो 'हो' त्यांनी पत्रात तारीख-वेळेसकट माझ्याविरुद्ध लिहिला. बँकेने असा फोन केला तर फक्त हो म्हणू नका, कशासाठी आणि कोणाला ते सगळं सांगा, आणि त्यांनाच विचारा की यात धोका काय. शक्य तिथे क्रेडिट कार्डाने भरा, थेट खात्यात पाठवू नका. कार्ड नको म्हणणारा वाइनवाला असेल तर तिथेच समजून जा.

कंपनी दिवाळखोरीत निघाली. अवसायकाचं, म्हणजे बुडालेली कंपनी गुंडाळणाऱ्याचं, पत्र आलं, त्यात मी 'असुरक्षित धनको', म्हणजे तारण नसलेला देणेकरी मागणारा, आहे आणि मिळण्याची शक्यता नाही, असं लिहिलं आहे. मुलीच्या पहिल्या वर्षासाठी शेवटी कर्ज काढलं.

आणि गेल्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. आम्ही बुडालेले पैसे सोडवून देतो, मुताँ २००० चे ना, १६,६९० पाउंड, आधी फक्त ९५० भरा. असे फोन येणारच, एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, तेव्हा उत्तर न देता ठेवून द्या. मी ठेवला. पण त्याने नेमका आकडा सांगितला होता, आणि तोवर घरात कोणालाच मी तो पूर्ण सांगितला नव्हता. बायकोला पहिले ७,६५० तेवढेच माहीत होते. त्या रात्री तिला सगळं सांगितलं.