थीम पार्कमधली भाड्याची मोबिलिटी स्कूटर: गाडी छान, पण गर्दीत जीव मुठीत

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले, डॉक्टर म्हणाले चाला पण जपून, आणि थीम पार्क म्हणजे दिवसभर पायपीट, म्हणून गेटवरच मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास असणाऱ्यांसाठीची बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी, भाड्याने घेतली. ५ पैकी साडेतीन स्टार. आणि कापलेले दीड स्टार गाडीचे नाहीत हे आधीच सांगते.

गाडी मस्तच. चार चाकं, पुढे बास्केट, स्पीडच्या बटणावर एका बाजूला कासव आणि दुसऱ्या बाजूला ससा. अंगठ्याने दांडी दाबली की पुढे, सोडली की आपोआप ब्रेक. पण काउंटरवरच्या मुलाने हे सगळं दोन मिनिटांत उरकलं, "काकू एकदम सोप्पंय" म्हणाला आणि किल्ली हातात दिली. अरे बाबा, मोकळ्या जागेत सोप्पंच असतं!

खरं सांगायचं तर मागे एकदा अशाच एका स्कूटरचं चाक माझ्या टाचेला लागलं होतं, तेव्हा "हे लोक बघत का नाहीत" म्हणून मीच केवढी चिडले होते. आता स्वतः बसल्यावर कळलं, डोळे लोकांच्या कमरेच्या लेव्हलला असतात, दिसतात नुसत्या सॅक आणि पाठी, लहान मूल तर पार चाकापाशी आल्यावरच दिसतं. चालणारा माणूस ऐनवेळी अंग चोरून निसटतो, ही गाडी आडवी सरकत नाही, तिला वळायला जागाच लागते.

स्पीडचं म्हणाल तर तो प्रॉब्लेमच नाही. ब्रिटनमध्ये फुटपाथवर या गाड्यांना ताशी ४ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाएवढीच, आणि मी तर दिवसभर कासवावरच होते. पण गाडी आणि मी मिळून शंभर किलोच्या वर वजन, ते कोणाच्या पायावर गेलं तर? म्हणून मी पुढच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवायचे आणि नेमकी तीच जागा लोकांना रिकामी वाटायची. एकजण मोबाईल बघत बघत तिरका घुसला आणि बरोब्बर माझ्या पुढ्यात येऊन थांबला, मी अंगठा सोडला, गाडी हिसका देऊन थांबली, बास्केटमधली बाटली घरंगळत त्याच्या बुटापाशी. वर माझ्याकडेच असं बघितलं जसं काही मीच त्याच्या अंगावर गेले.

पार्कमधली परेड, म्हणजे मिरवणूक, सुटल्यावर तर बोलायलाच नको. नवरा पुढे होऊन "जरा वाट द्या, जरा वाट द्या" करत निघाला, लोक बिचारे बाजूला व्हायचे पण तो गेला की मागे परत गर्दी मिटायची आणि मी तिथेच. शेवटी त्याला म्हटलं अहो पुढे नको, माझ्या पुढच्या चाकाला लागून चाला. लगेच फरक पडला, कारण लोकांना गाडी दिसत नाही, उभा माणूस दिसतो. हॉर्न वाजवून बघितला, दोघं तिघं दचकून उलट माझ्याच वाटेत उभे राहिले, मग तो नाद सोडला.

आता पार्कवाल्यांचं. रस्ते रुंद, उतार व्यवस्थित, पण परेड सुटताना गाड्यांसाठी निदान एक कडेची पट्टी दोरी लावून मोकळी ठेवायला काय हरकत आहे? तिथे पार्कचा एकही माणूस उभा नव्हता. राईडच्या बाहेर गाड्या लावायला जागा आहे पण स्टाफ त्या इकडच्या तिकडे सरकवतो आणि सगळ्या दिसायला सेम, पहिल्यांदा मी दुसऱ्याच गाडीत किल्ली घालून खटाटोप करत होते. मग हँडलला माझी केशरी ओढणी बांधली, तेव्हापासून लांबूनच सापडायची. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरली, शेवटच्या चढावर मात्र एकच लाईट उरला होता.

ओढणी तिथेच बांधलेली राहिली, कोणाला मिळाली तर ठेवून घ्या.