‘आयपी सदुसष्ट आहे भाऊ, समुद्रात बुडवा!’

घराबाहेर, गच्चीवर किंवा बागेत सीसीटीव्ही बसवायचा विचार असेल आणि कोटेशनवर ‘आयपी ६७ वॉटरप्रूफ’ असं लिहून आलं असेल, तर अॅडव्हान्स देण्याआधी हे वाचा. ‘आयपी’ म्हणजे उपकरणाच्या आत धूळ-पाणी कितपत शिरू शकतं याचा दर्जा सांगणारा आकडा. आम्हाला कुणी बनावट कॅमेरे विकले नाहीत. कॅमेरे अस्सल होते, आकडाही खरा होता. त्या खऱ्या आकड्याआड बाकीचं सगळं खपवलं गेलं.

दापोलीजवळ आमची हापूसची बाग आहे. मी पुण्यात असतो, बागेचं सगळं थोरला दादा बघतो. फळ तयार व्हायला लागलं की रात्रीच्या चोऱ्या सुरू होतात, म्हणून सीझनच्या तोंडावर घर आणि कुंपण मिळून सहा कॅमेरे बसवून घेतले. काम करणारा ओळखीतून आलेला, बोलायला एकदम गोड. दादाने विचारलं, “आमच्याकडे पाऊस आडवा लागतो, टिकतील ना?” त्यावर उत्तर आलं, “आयपी सदुसष्ट आहे भाऊ, समुद्रात बुडवा, काही होत नाही.” कोटेशनमध्ये दोन भाव होते, ६६ चा कमी आणि ६७ चा जास्त. “एक आकडा वर म्हणजे एक पायरी भारी,” हे त्याचं गणित.

इथेच पहिली टोपी घातली गेली. ६७ मधले ६ आणि ७ एकत्र वाचायचे नसतातच. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीच्या बाजूला ६ म्हणजे सर्वात वरचा दर्जा, आत धूळ अजिबात जात नाही. ५ असेल तर थोडी जाऊ शकते, पण काम बिघडवण्याइतकी नाही. पाण्याच्या बाजूला मात्र ६ आणि ७ या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. ६ साठी साडेबारा मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १०० लिटरचा फवारा अडीच-तीन मीटरवरून सगळ्या बाजूंनी मारतात. ७ साठी वस्तू मीटरभर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवतात. बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेली वस्तू फवाऱ्याच्या परीक्षेत पास होईलच असं मानक म्हणत नाही. दोन्ही जमत असेल तर कंपनीने ‘६६/६७’ असं दोन्ही छापायचं असतं. कोकणात कॅमेरा विहिरीत पडत नाही, त्याच्यावर वाऱ्याने पाणी आपटतं. म्हणजे आमच्या कामाचा आकडा ६६ होता आणि जास्तीचे पैसे ६७ चे घेतले. आणि समुद्राचं म्हणाल तर ही चाचणी साध्या पाण्यात होते. खारी हवा, ऊन, वर्षानुवर्षं कडक होत जाणारं रबर यांचा त्या आकड्याशी संबंध नाही. मानकाचं नाव आयईसी ६०५२९. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही तेच स्वीकारलंय, त्यामुळे ‘इंडियात वेगळं असतं’ हे कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

जून उजाडला. पावसाने जोर धरला तसे कुंपणावरचे कॅमेरे एकेक करून बंद पडू लागले. फोन केला की “लाइट गेली असेल”, “नेट डाऊन असेल”. शेवटी दादाने उघडीप बघून शिडी लावली आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. कॅमेऱ्याची काच स्वच्छ, आत वाफसुद्धा धरलेली नाही. मागून निघणारी शेपटी, म्हणजे जिथे नेटवर्कची केबल जोडतात ते टोक, काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेलं. पट्टी सोडवली तर आतून पाणी ओघळलं आणि जॅकच्या पिना हिरव्या पडून झिजलेल्या. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते, साधारण ४८ व्होल्ट. ओल्या पिनांमधून डीसी करंट सतत वाहत राहिला की तांबं बघता बघता खलास होतं.

आयपीचा आकडा कॅमेऱ्याच्या बंद कवचाला असतो. बाहेर लोंबणाऱ्या जोडाला तो लागू होतो ते कंपनीने दिलेलं टोपण नीट बसवलं तरच. त्या टोपणात रबरी वायसर असतो, आणि जॅक क्रिंप करण्याच्या, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून पक्का बसवण्याच्या आधीच ते केबलमध्ये ओवावं लागतं. नंतर बसत नाही. कारागिराला घाई असली की पहिला बळी त्याचा. आमच्या माळ्यावर कॅमेऱ्यांची रिकामी खोकी होती, दादाने ती उघडली. प्रत्येकात ते टोपण, वायसरसकट, सीलबंद पिशवीत तसंच!

आता बिल. त्यात ‘वेदरप्रूफ जंक्शन बॉक्स, ६ नग’ (केबलचे जोड ठेवायचे डबे) अशी ओळ आहे आणि पैसे घेतलेले आहेत. कुंपणावरच्या चार कॅमेऱ्यांना बॉक्सच नाही. घरावरच्या दोघांना घरगुती वायरिंगचे पांढरे प्लास्टिकचे डबे, केबलसाठी भोक वरच्या बाजूला, ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारी बूच, नाही. पाण्याला आत यायचं आमंत्रणच. भोक खाली हवं आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोका हवा, म्हणजे थेंब तिथून गळून जातो. ही काही रॉकेट सोडायची विद्या नाही, पत्र्याचा पन्हळ लावणाऱ्यालाही कळते.

सर्व्हिस सेंटरने कॅमेरे परत पाठवले. शेरा: ‘पाण्यामुळे गंज, वॉरंटी लागू नाही.’ जाहिरातीत पाणी चालतं, वॉरंटीत चालत नाही. ही तऱ्हा फक्त कॅमेऱ्यांची नाही. फोन पाण्यात, अगदी स्विमिंग पूलमध्ये आणि समुद्रातही वापरता येतो असं भासवणाऱ्या जाहिरातींबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ओल्या फोनला चार्जिंग लावलं की पोर्ट गंजतो, हा तिथलाही मुद्दा. इटलीत २०२० साली आयफोनच्या पाण्याबद्दलच्या दाव्यांवरून अॅपलला १ कोटी युरोचा दंड झाला, त्यातही वॉरंटीत पाण्याचं नुकसान वगळल्याचा विषय होता.

तेव्हा बाहेरचं कुठलंही उपकरण बसवून घेताना बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, स्वतः उघडून बघा. दुकानदाराने चिकटवलेला स्टिकर पुरावा नाही. ‘जोडणीतून पाणी शिरल्यास जबाबदारी बसवणाऱ्याची’ ही एक ओळ कोटेशनवर सहीनिशी हवी. माणूस ती लिहायला का-कू करू लागला तर तिथेच उत्तर मिळालं. काम चालू असताना टोपणांच्या पिशव्या फुटल्या का बघा, आणि बॉक्समध्ये जोड ठेवल्यावर झाकण लावण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा.

आमच्या माणसाने आधी फोन उचलणं बंद केलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर, बिल, बंद पिशव्यांचे फोटो असं सगळं त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्याच संध्याकाळी घरी आला. जंक्शन बॉक्सचे पैसे परत दिले, “पोरांनी चुकवलं भाऊ” म्हणाला आणि नवे कॅमेरे निम्म्या भावात बसवून देतो असं पुढे केलं. दादाने नको सांगितलं. बंद पडलेल्या कॅमेऱ्यांच्या किमतीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. गंजलेले जोड दादाने मुद्दाम तसेच, चिकटपट्टीसकट कापून ठेवलेत.