२७ इंची मॉनिटर, अकरा महिने वापरल्यावर: सगळं छान, फक्त एक लाल ठिपका

स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, ती इथे परत लिहीत बसत नाही. २७ इंच, २५६० बाय १४४०, आयपीएस पॅनेल, कारखान्यातूनच रंग जुळवून येणारा. गेल्या गणपतीच्या सेलमध्ये एकतीस हजारांना घेतला, स्वतःच्या पैशाने. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण मिटलंय, आणि जे सांगायचंय ते या किमतीतला कुठलाही मॉनिटर घेणाऱ्याच्या उपयोगाचं आहे.

तिसऱ्या महिन्यात मी याला पाचपैकी साडेचार दिले असते. पाचव्या महिन्यात दोनसुद्धा जिवावर आले असते.

मी पुण्यात एका स्टॉक फोटो कंपनीत फोटो तपासते. बँकेच्या माहितीपत्रकावर हसणारं कुटुंब असतं ना, तसले फोटो. जगभरातून लोक पाठवतात, आम्ही ते शंभर टक्क्यांवर (फोटोतला एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक) उघडून बघतो आणि एकतर पास करतो, नाहीतर कारणाचा कोड टाकून परत पाठवतो. फोकस चुकलाय, आवाज आहे (फोटोतला 'नॉइज', म्हणजे दाणेदारपणा, कानाचा नव्हे), कपड्यावर कुठल्यातरी कंपनीचा लोगो राहिलाय, चेहरा ओळखू येतोय पण त्या माणसाचा मॉडेल रिलीज, म्हणजे सही केलेली संमती, जोडलेला नाही. मागे हळदीकुंकवाचा एक सुंदर फोटो मला परत पाठवावा लागला, कारण मागच्या कपाटाच्या आरशात एक काकू स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांची सही नव्हती. असं काम आहे. त्याआधी दोन वर्षं कीवर्डिंगला होते, म्हणजे फोटोला शोधशब्द लावणं. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या असे फोटो विकणाऱ्या साइटना अनुक्रमे ५० आणि ४९ शब्दांची मर्यादा आहे, आमचंही तसंच आहे. तुम्ही म्हणाल पन्नास शब्द खूप झाले. पण घेणारा इंग्रजीत शोधतो. पाटा-वरवंट्याला 'दगडी वाटण्याचं साधन' याच्या पलीकडे इंग्रजीत शब्द सापडत नाही, तेव्हा जीव तुटतो.

नवीन आलेल्यांना आमच्याकडे पहिल्या दिवशी विंडोज एक्सपीचा हिरव्या टेकडीचा फोटो दाखवतात आणि विचारतात, हा आज आला असता तर पास केला असता का? चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात तो फिल्मवर काढला आणि स्टॉक एजन्सीला दिला होता. पुढे मायक्रोसॉफ्टने घेतला. बहुतेक जण म्हणतात, साधी टेकडी आहे, असे हजार फोटो पडलेत, नाही करणार. मीही तेच म्हणाले होते. तेव्हापासून परत पाठवण्याचं बटण दाबताना माझा हात थोडा अडखळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मॉनिटर. आठवड्यातून तीन दिवस घरून काम असतं. लॅपटॉप ऑफिसचा, पडदा आपला आपण बघायचा. फोर-के का नाही घेतला, असं बरेच जण विचारतात. २७ इंचात फोर-के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल. शंभर टक्क्यांवर बघायला गेलं की दोष इतका बारीक होतो की नाक पडद्याला लावावं लागतं. आणि फुल एचडी घेतला तर ८२, तो भरड दिसतो. या मॉनिटरचा १०९ हा आकडा माझ्या कामाला अगदी नेमका बसतो, शिवाय बारा-तेरा हजार वाचतात. रंग मोजायचं यंत्र मी घेतलंच नाही. आम्ही चौघांनी मिळून एक घेतलंय, ते महिन्यातून एकेका शनिवारी एकेकाच्या घरी जातं. अर्धा तास पडदा तापू द्यायचा, १२० निट उजेड, ६५०० केल्विन पांढरा, गॅमा २.२. अकरा महिन्यांत रंग जवळजवळ हललेला नाही. याबाबतीत या मॉनिटरला पैकीच्या पैकी.

स्टँड भक्कम आहे. स्पीकर आहेत, पण नसल्यासारखे. बाजूचा उजेड अडवणारा हूड आला नव्हता, मी काळ्या फोमशीटचा दोनशे रुपयांत बनवला.

आता ठिपका.

कार्तिकात मी कोल्हापूरला, माहेरी गेले होते. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. नदीवर धुकं, पायऱ्यांवर पणत्यांच्या ओळी, मधे मुलांनी काढलेल्या रांगोळ्या. मी दरवर्षी ट्रायपॉड घेऊन जाते. ऑफिसात आम्हा सगळ्यांचं असं काही ना काही चालूच असतं. एक जण तीन वर्षं फक्त दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची अक्षरं टिपतोय. एक जण गच्चीवर सायनोटाइप करते: कागदाला रसायन लावायचं, त्यावर पिंपळाचं पान ठेवायचं, पुण्याच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं, मग साध्या पाण्यात धुतलं की निळ्यावर पांढरं पान उमटतं. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास आम्ही एकमेकांना आपापलं दाखवतो. तपासनिसांना स्वतःच्याच साइटवर फोटो विकता येत नाहीत, त्यामुळे त्या अर्ध्या तासात कुणी विक्रीचा विषयही काढत नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडा काढते.

तर घाटावरचे फोटो वीस-वीस सेकंदांचे होते. कॅमेऱ्यात लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू, म्हणजे वीस सेकंद फोटो आणि नंतर वीस सेकंद कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो काढतो आणि त्यातले हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवर उगाच पेटलेले ठिपके, मूळ फोटोतून वजा करतो. आई शेजारी शालीत उभी. म्हणाली, "अगं, पणत्या विझायला लागल्या, तुझा कॅमेरा कशाची वाट बघतोय?" एवढं थांबून, पुण्यात येऊन फोटो उघडला तर नदीच्या काळ्या पाण्यात एक लाल ठिपका. बारीक, टोकदार, लालभडक.

कॅमेरा सहा वर्षांचा, म्हटलं सेन्सर गेला. मेनूतून पिक्सेल मॅपिंग (बिघडलेले पिक्सेल शोधून झाकायची सोय) तीनदा केलं. ठिपका तिथेच. दुरुस्तीवाल्याने नुसता सेन्सर उघडून बघायचे अठराशे सांगितले, म्हणून थांबले. माझ्या चिक्कूपणाने वाचवलं म्हणा. शुक्रवारी दाखवायला बारा बाय अठराची प्रिंट काढून आणली. भिंग लावून बघितली, पाणी स्वच्छ काळं. घरी येऊन फोटो पुन्हा उघडला आणि माउसने नुसता सरकवला.

फोटो सरकला. ठिपका सरकला नाही.

वरून चार बोटं, उजवीकडून वीतभर. या पडद्यात ३६,८६,४०० पिक्सेल आहेत आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन. त्या एक कोटी दहा लाखांतला एक लाल कायमचा पेटून राहिला होता. दिवसाच्या फोटोत तो दिसत नाही, कारण उजळ भागात लाल तसाही पेटलेलाच असतो. अंधारात मात्र तो हुबेहूब हॉट पिक्सेलसारखा दिसतो. आणि आमचं तपासायचं सॉफ्टवेअर फोटो सरकवत नाही, तुकड्या-तुकड्याने दाखवतं. स्पेसबार दाबला की पुढचा तुकडा.

माझ्या पोटात खड्डा पडला. नवरात्र, कोजागरी, दिवाळी. त्या दोन-अडीच महिन्यांत मी रात्रीचे किती फोटो 'हॉट पिक्सेल' म्हणून परत पाठवले असतील? पहिल्या दिवशी मी मॉनिटर तपासला होता, पण पांढरा पडदा लावून. पांढऱ्यावर मेलेले पिक्सेल दिसतात. पेटलेले बघायला काळा लावावा लागतो. तो मी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी टीम लीडला सांगितलं. त्या वयाने मोठ्या, आम्ही ताईच म्हणतो. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मॉनिटर घेतल्याच्या तारखेपासूनची माझी त्या कोडाची यादी काढली. दोनशे एक्केचाळीस फोटो. ऑफिसच्या पडद्यावर दोघींनी तीन संध्याकाळी बसून सगळे पुन्हा बघितले. अठ्ठावन्न स्वच्छ होते.

त्यात एका माणसाची एक मालिका होती. नाव आम्हाला दिसत नाही, नुसता क्रमांक असतो. तलावाकाठी रांगोळी, भोवती पणत्या, पलीकडे काळोख. मी परत पाठवला होता. त्याने नॉइज रिडक्शन मारून पुन्हा पाठवला, मी पुन्हा परत. त्याने आणखी मारलं. आता रांगोळीचे कण मेणासारखे एकमेकांत वितळले होते. मी तरी परत. चौथ्या वेळी पणत्यांच्या ज्योतींच्या कडाही गेल्या होत्या आणि मी कोड टाकला होता: 'अति प्रक्रिया'. त्याने एक चांगला फोटो माझ्यासाठी तीन वेळा खरवडून काढला. पहिल्या फोटोत रांगोळीचा कण न् कण सुटा दिसतो, चिमटीतून पडताना थोडी विस्कटलेली रेघसुद्धा.

शटरस्टॉकवर २०२० पासून सबस्क्रिप्शनच्या डाउनलोडला किमान १० सेंट मिळतात, म्हणजे आठ-नऊ रुपये. आमच्याकडे फार वेगळं नाही. सणाचे फोटो सणाच्या आधीच्या आठवड्यांत विकले जातात, नंतर अकरा महिने कुणी विचारत नाही. त्या अठ्ठावन्न फोटोंचा त्या वर्षीचा सीझन माझ्या टेबलावर गेला. ताईंनी सपोर्टकडून सगळ्यांना कळवलं की चूक आमच्याकडून झाली आणि मूळ फोटो घेतले आहेत. त्या तलाववाल्याला मी स्वतः दोन ओळी लिहायला हव्या होत्या, पण आमच्या नियमात ते बसत नाही.

आता सर्व्हिस. घरी आलेला मुलगा सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा ठिपक्याने काय होतंय?" मी त्याला बसवून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, पण रिपोर्टमध्ये लिहिलं 'मर्यादेत'. फोनवर आयएसओ ९२४१-३०७ सांगण्यात आलं. असं मानक खरंच आहे, त्यात पिक्सेलच्या दोषांचे वर्ग आहेत आणि शून्य वर्ग सोडला तर बाकीच्यांत दर दहा लाख पिक्सेलमागे काही दोष चालतात. पण माझ्या खोक्यावर पहिल्या वर्षासाठी 'एकही उजळ ठिपका नाही' अशी हमी छापली होती. त्यावर उत्तर मिळालं की तिन्ही रंग पेटले तरच उजळ ठिपका, एकटा लाल पेटला तर तो सबपिक्सेल, तो हमीत येत नाही. सात फोन, चार मेल. मधे कुणीतरी सुचवलं म्हणून पडद्यावर रंग झपझप बदलणारा व्हिडिओ सहा तास लावून ठेवला. काही झालं नाही. दोन गुण द्यायलाही नको वाटत होतं ते तेव्हा.

मग एका रविवारी वॉरंटीची पुस्तिका पहिल्यापासून वाचली, सगळ्या भाषांतली पानं उलटत. इंग्रजी भागाच्या शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत व्याख्या होती: उजळ ठिपका म्हणजे काळ्या पडद्यावर पेटलेला पिक्सेल 'किंवा सबपिक्सेल'. मी त्या पानाचा फोटो काढला, ठिपक्याचा काढला, बिलासोबत मेल केला आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही खाली लिहिला. नऊ दिवसांत मॉनिटर बदलून मिळाला.

बदलून आलेला रिफर्बिश्ड आहे, याचा राग अजून गेलेला नाही. एकतीस हजार मी नव्याचे मोजले होते. डाव्या खालच्या कोपऱ्यात काळ्या पडद्यावर उजेड किंचित झिरपतो, पण तिथे माझं काही अडत नाही. रंग पहिल्याइतकेच स्थिर. तेव्हापासूनचे पाच महिने धरून आज साडेतीन देते. पॅनेलला साडेचार, सर्व्हिसला अडीच. तीन वर्षांची वॉरंटी आहे म्हणून चोवीसशेची वाढीव घेतली नव्हती, ते बरोबरच केलं. माझ्या कामाला हाच पुन्हा घेईन.

आता ऑफिसात घरून काम करणारे आम्ही सगळे सोमवारी सकाळी काम सुरू करण्याआधी पाच पडदे लावतो: काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा. प्रत्येकी वीस सेकंद. ताईंनी त्याची नोंदवही केली आहे. दुसऱ्याच आठवड्यात आणखी एकाच्या पडद्यावर निळा सापडला.

ज्यांना पुराव्याचा फोटो काढायचाय त्यांच्यासाठी: खोलीत पूर्ण अंधार, पडदा काळा, ब्राइटनेस नेहमीचाच ठेवा. ट्रायपॉड, मॅक्रो लेन्स, फोकस हाताने, एफ/८, एक सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. या पॅनेलचा एक पिक्सेल ०.२३३ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे जितकं जवळ जाता येईल तितकं जा. पेटलेल्या सबपिक्सेलची उभी लाल पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. नंतर कॅमेरा जागेवरून न हलवता पांढरा पडदा लावून दुसरा फोटो घ्या, म्हणजे शेजारचे शाबूत पिक्सेल दिसतात आणि तो धुळीचा कण आहे असं कुणाला म्हणता येत नाही. पहिल्या दिवशीच काढून बिलासोबत ठेवा.