फाळ पाजवायला कोळसा कोणता, लोणारी की दगडी?

मृगाच्या तोंडावर फाळ, विळे, कुऱ्हाडी पाजवायची गर्दी होते, तेव्हा भट्टीत बाभळीचा लोणारी कोळसा घालावा की दगडी, हा प्रश्न पडतोच. दोन्हींत मुख्यतः कार्बनच. पण लोणारीत गंधक नगण्य, राखही कमी. दगडी कोळशातलं गंधक तापल्या लोखंडात शिरलं की घणाखाली चिरा पडू शकतात. शिवाय त्याची राख वितळून तळाशी खडा धरतो, भात्याची हवा अडते. तो उपसत राहावा लागतो. सुरुवातीचा पिवळट धूर संपून कोक (धूर निघून गेलेला कोळसा) होईपर्यंत लोखंड आत घालूच नये.

लोणारी हलका, भराभर जळतो, ठिणग्याही उडवतो. कडब्याची गंजी लांब हवी!

जाड पहार, टिकाव यांना दगडी परवडतो. धारेला पाणी द्यायचं (तापवून, बुडवून कडक करायचं) किंवा पोलादी पट्टी जोडायची असेल, तर लोणारीच.