आर्मेनियात तीन दिवस उरलेत, तातेव करू की अलावेर्दी?

येरेवान झालं, गार्नी-गेगार्द झालं, सेवान तलाव पण झाला आणि अजून तीन दिवस हातात आहेत, टूरवाल्याला पैसे द्यायचे नाहीयेत, मग गाडी इथेच अडते की दक्षिणेला गोरिस-तातेव करायचं की उत्तरेला अलावेर्दी. मी दोन्हीकडे मार्श्रुत्कानेच गेलोय (मार्श्रुत्का म्हणजे आपलं वडाप, फक्त टपावर कोणी बसत नाही).

तातेव सगळेच सांगतात आणि ते आहेच तसं. व्होरोतानच्या दरीच्या कडेवर ९व्या शतकातला मठ, आणि तिथे नेणारा ५.७ किलोमीटरचा रोपवे, २०१० पासून चालू आहे, दहा-बारा मिनिटं दरीवरून तरंगत जायचं. पण येरेवान ते गोरिस चार-पाच तास, मग तिथून टॅक्सीची घासाघीस, रोपवेचं तिकीट वेगळं आणि ते टोचतंच, आणि परतीला पुन्हा तोच रस्ता. कारण एका बाजूला अझरबैजान, दुसऱ्या बाजूला नाखिचेवान (तोही अझरबैजानचाच, तुटलेला तुकडा), दोन्ही सीमा बंद, आणि सरळ खाली गेलात तर इराण. हिवाळ्यात तर नकोच, वाटेतला व्होरोतान घाट २३४४ मीटरवर आहे, बर्फ आणि धुकं.

अलावेर्दीचं गणित वेगळं आहे, ते तिबिलिसीच्या वाटेवरच पडतं. जॉर्जियाला जाणार असाल तर इथे उतरा, दोन रात्री राहा आणि पुढे सटका, उलटं यायची गरजच नाही. गाव दिसायला उदास, तांब्याच्या कारखान्याभोवती वसलेलं, पण वरच्या पठारांवर हाघपात आणि सानाहीन, दोन्ही १०व्या शतकातले मठ, दोन्ही युनेस्कोच्या यादीत, आणि एकाकडून दुसऱ्याकडे चालत जाता येतं. दरी उतरायची, परत चढायची, गड चढायची सवय असेल तर आरामात होतं. राहायचं हाघपात गावातच एखाद्या घरी, रात्रीचं जेवण सांगून ठेवा, कॅश जवळ असू द्या, आणि इंग्रजीपेक्षा रशियन जास्त चालतं म्हणून ट्रान्सलेटर ऑफलाइन टाकून ठेवा.

आणि सानाहीनमधे एक गंमत आहे. मिग विमानांतला "मि" म्हणजे आर्तेम मिकोयान, तो याच गावचा, त्याच्या आणि भावाच्या म्युझियमबाहेर मिग-२१ उभं आहे. हीच विमानं नाशिकजवळ ओझरला बनायची आणि आपल्या हवाई दलाने ती २०२५च्या सप्टेंबरपर्यंत उडवली. मी त्या विमानाखाली बराच वेळ उभा होतो, मठात तेवढा थांबलो नाही, खोटं कशाला बोलू.

गोरिसकडे ओढणाऱ्या दोन गोष्टी मात्र आहेत. एक म्हणजे जवळचं खंद्झोरेस्कचं जुनं गुहांचं गाव आणि तिथला झुलता पूल, हे मला तातेवपेक्षाही आवडलं. दुसरी झिंग्यालोव हात्स, पालेभाज्या ठासून भरलेली पातळ पोळी, शाकाहारी माणसाला देवच भेटल्यासारखं वाटतं. पण ती मूळची काराबाखकडची (अझरबैजानमधला आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ भाग), आणि २०२३ मधे अझरबैजानने तो ताब्यात घेतल्यावर तिथले लाखभर लोक गोरिसमार्गे आर्मेनियात आले, आता येरेवानमधेही ती सहज मिळते. त्यामुळे फक्त तिच्यासाठी चार तास खाली जायची गरज नाही.

चार दिवस असतील, उन्हाळा असेल आणि टॅक्सी वाटून घ्यायला दोन जण भेटले तर तातेव करा. एकटे असाल, खिसा हलका असेल तर अलावेर्दी. आणि मार्श्रुत्का कुठलीही असो, सकाळीच गाठा, दुपारनंतर भरवसा नाही.