म्हापशाचा ‘लंडन सेट’: निम्मा घ्या, निम्मा दुकानातच ठेवा

पावसाळा ओसरला की म्हापशाच्या बाजारातली कपड्यांची काही दुकानं दर्शनी भागात गरम कपडे टांगू लागतात. विलायतेला निघालेलं माणूस इथे घरटी एक, त्यामुळे गिऱ्हाइकाची वाण नाही. त्यातल्याच एका दुकानात पूर्ण संच मिळतो: काळं फुगीर जॅकेट, थर्मलचे दोन जोड, लोकरीची कानटोपी, हातमोजे, जाड पायमोज्यांचे दोन जोड आणि घोट्यापर्यंतचे बूट. सगळ्याचे मिळून 7,800 रुपये. वर सूचनांची एक छापील चिठ्ठी फुकट. मालकाचं ठरलेलं वाक्य, “बाब, हें लंडनांत चलता.” यातलं काय चालतं आणि काय नाही, ते एकेक वस्तू हातात घेऊनच बघायला हवं.

सेटची मुख्य चूक अशी की तो बर्फाच्या चित्रावरून बांधलेला आहे. गोंयकारांची मोठी वस्ती स्विंडनला, शिवाय साउथॉल आणि हौन्स्लोच्या बाजूला. म्हणजे सगळी दक्षिण इंग्लंडच. तिथे डिसेंबर-जानेवारीत दुपारचं तापमान साधारण 6 ते 8 अंश असतं, रात्री ते शून्याच्या आसपास येतं. बर्फ पडणारे दिवस मोजके, आणि पडला तरी बरेचदा संध्याकाळपर्यंत त्याचा राखाडी चिखल होतो. ब्रिटनचा उणे 27.2 अंशांचा नीचांक ब्रेमर आणि अल्टनाहारा या स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या गावांत नोंदलेला आहे. स्विंडनच्या बसथांब्याशी त्याचा संबंध नाही. बसथांब्यावर असते ती 4 अंशातली आडवी भुरभुर आणि वारा. कोरडा बर्फ अंगावरून झटकता येतो, पाऊस झटकता येत नाही. ओलं कापड वाऱ्यात अंगातली ऊब भराभर ओढून घेतं.

म्हणून जॅकेटपाशी जरा थांबू. टॅगवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. मालक बाहीवर पाण्याचे थेंब टाकून ते मोत्यासारखे घरंगळताना दाखवतो. ही परीक्षा काही कामाची नाही. वरच्या कापडाला दिलेला तो रासायनिक हात असतो, नव्या कोऱ्या जॅकेटवर तो हमखास दिसतो आणि वापराने, धुण्याने उतरतो. खरं बघायचं ते आतल्या बाजूला. जॅकेट उलटं करा आणि खांद्यावरची, टोपीवरची शिवण शोधा. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर पाणी अडेल. ती नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून आत येईल. सेटमधल्या जॅकेटला पट्टी नाही, आणि फुगीर कप्पे पाडायला आडव्या शिवणी तर डझनभर आहेत. टॅगवर मिलिमीटरचा आकडाही नाही. हा आकडा म्हणजे कापड किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं त्याचं माप. ब्रिटनच्या रोजच्या पावसाला 5,000 पुरतो, तासभर पावसात चालायचं असेल तर 10,000 बघा. भरण पॉलिस्टरचं आहे, ही मात्र जमेची बाजू. पिसांचं भरण भिजलं की गोळा होतं आणि ऊब जाते, पॉलिस्टर ओलं असतानाही थोडीफार टिकवतं.

आणखी दोन उणिवा. जॅकेट कमरेपाशी संपतं. मांडीच्या वरच्या भागापर्यंत आलं असतं तर बसच्या ओल्या बाकावर बसता आलं असतं. दुसरी, ते नखशिखांत काळं आहे. तिकडे डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, कामाची पाळी संपवून माणूस घरी निघतो तो काळोखात, आणि काळ्या जॅकेटातला माणूस गाडीवाल्याला दिसत नाही. बाहीवर उजेड परतवणारी पट्टी तरी हवी होती.

आता गोव्याचं खास दुखणं. गेल्या साली न खपलेला माल माळ्यावर चढतो आणि चार महिने पावसाळ्याची दमट हवा खातो. जॅकेटच्या आतला पाणी अडवणारा पातळ थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट उष्ण हवेत पॉलियुरेथेनचं हळूहळू विघटन होतं. अस्तर बोटांना चिकट लागलं, घडीवर पापुद्रे सुटले किंवा आंबूस वास आला, तर तो माल संपलेला समजा.

बुटांचं तर याहून वाईट. तळाचा मऊ, हलका थर पुष्कळदा याच पॉलियुरेथेनचा असतो. बूट खोक्यात नवाकोरा दिसतो, आणि पायात घालून चार दिवस चाललं की तळ भुसभुशीत केकसारखा सुटून येतो. घेण्याआधी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि साल वाचा, दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर परत द्या. तळ दोन्ही हातांनी वाकवून कडेला भेगा पडतात का बघा, अंगठ्याचं नख रुतवा. नखाचा खड्डा भरून आला तर ठीक, तसाच राहिला किंवा चुरा निघाला तर नको. सेटमधल्या बुटाच्या तळाखाली कडक पीव्हीसी आहे. थंडीत ते आणखी कडक होतं आणि ओल्या फरशीवर घसरतं. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळ हवा. डांबरावर काचेसारखा गोठलेला, नजरेला न दिसणारा थर असतो. त्याला तिकडे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. त्याच्यावर मात्र रबरसुद्धा हमी देत नाही, तिथे पावलं लहानच टाकावी लागतात. मापाची भानगड नाही, आपले नंबर बहुतेक ब्रिटिशच असतात. पण जाड मोजा घालूनच बूट चढवून बघा आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा. घट्ट बुटात बोटं आधी गारठतात.

एवढं बोलून झाल्यावर सांगायला हवं की थर्मल उत्तम आहेत. लेबलवर पॉलिस्टर आहे, सुती नाही, आणि तेच बरोबर. तिकडची बस, दुकानं, कचेऱ्या आतून तापवलेल्या असतात. तिथे घाम येतो आणि दार उघडून बाहेर पडलं की 3 अंश. सुती बनियन तो घाम धरून ठेवतं आणि पाठ गार पडते. थर्मल अंगाला चिकटूनच बसायला हवा, ‘पुढे अंग भरेल’ म्हणून एक माप मोठा घेऊ नका. दोन जोड पुरतात, एक अंगात, एक वाळत. कानटोपी दाट विणीची आहे, घ्या. पायमोजे घ्या. हातमोजे सैल विणीचे, वारा आरपार जातो, सोडून द्या.

सेटमध्ये जे नाहीच ते म्हणजे मधला थर: पुढून चेन असलेलं फ्लीस, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कापडाचं जाकीट. थर्मल, वर फ्लीस, वर पातळ पण खरोखर पाणी अडवणारं जॅकेट, ही तिघं मिळून त्या फुगीर गाठोड्यापेक्षा जास्त काम करतात, कारण दुकानात शिरल्यावर चेन उघडता येते. याच दुकानात फ्लीस मागच्या रॅकवर 950 ला मिळतं. ते सेटमध्ये का घालत नाहीत, हे मालकालाच ठाऊक. बहुतेक ते दिसायला बर्फाचं वाटत नाही म्हणून.

राहिली चिठ्ठी. ‘थर चढवा, पाणी प्या’ वगैरे ठीक. पण ‘वाटेवरचा आणि गाडीच्या काचेवरचा बर्फ गरम पाण्याने काढावा’ हे वाक्य कुणीतरी खोडायला हवं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकू शकते, आणि वाटेवर ओतलेलं पाणी तासाभरात गोठून तोच ब्लॅक आइस होतो. काचेला प्लॅस्टिकची खरवडणी आणि बर्फ वितळवणाऱ्या डी-आयसरचा फवारा, दोन्ही तिकडच्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. छपरावरचा बर्फही काढा, ब्रेक मारला की तो सरकून काचेवर येतो. वाटेवर आधी फावडं, मग साधं मीठ, दर चौरस मीटरला एक मोठा चमचा. बर्फावर गाडी थांबायला लागणारं अंतर कोरड्या रस्त्याच्या दहापट होऊ शकतं असं तिकडची वाहतूक नियमावली सांगते.

घर तापवणाऱ्या बॉयलरचा तर चिठ्ठीत उल्लेखच नाही, आणि कडक थंडीत तोच बंद पडतो. नव्या गॅस बॉयलरमधून पाणी बाहेर सोडणारी प्लॅस्टिकची नळी घराबाहेरून जाते. ती गोठली की बॉयलर गुडगुडतो, पडद्यावर बिघाडाचा आकडा दाखवतो आणि थांबतो. नळीवर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नव्हे, किंवा गरम पाण्याची पिशवी धरायची आणि मग रीसेट दाबायचं. मेकॅनिक बोलावण्याआधी एवढं करून बघावं.

सेवेबद्दल तक्रार नाही. पँटची लांबी तासाभरात करून देतात, सात दिवसांत वस्तू बदलून देतात. मात्र सेट सोडवून सुटं मागितलं की मालकाचा चेहरा उतरतो. ‘सेटातलें सुटें मेळना,’ असं एकदा म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं की देतो: थर्मलचे दोन जोड, टोपी, पायमोजे आणि मागच्या रॅकवरचं फ्लीस मिळून 3,400 झाले. उरलेले पैसे राखा; शिवणीला पट्टी असलेलं जॅकेट आणि रबरी तळाचे बूट तिकडे उतरल्यावरच घ्या.